घरात राबणाऱ्या आईची हजेरी

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)





समितीने मला 'कामगार आणि आपला समाज' असा विषय दिला. मी गिरणीतला माणूस, तेव्हा गिरणीवर, युनियनवर बोलेन असे मंडळींना वाटले असेल. बोलणार कामगारावरच आहे. पण ज्या कामगाराचे नाव कुठल्याही मस्टरवर नाही, ज्याला हजेरी कार्ड नाही, सुट्टी नाही, पगाराची पावती नाही, त्या कामगारावर बोलणार आहे. तो कामगार आत्ता या विहारात उजव्या बाजूला बसला आहे. घरी राहून चार पैसे मिळवणारी आणि त्याच हाताने पोरं वाढवणारी आपली आई, म्हणजे तो कामगार.

आपल्या वस्तीत फिरून बघा. एका घरात शिलाई मशीन चालते. दुसऱ्या घरात शेवया, पापड, सांडगे होतात. तिसऱ्या घरी गोधड्या शिवायला येतात. विट्याकडे, माधवनगरकडे, पलीकडे इचलकरंजीकडे यंत्रमागाच्या पेठांत घरात बसून कांड्या भरणाऱ्या बायका आहेत. कुणी घराच्या पुढच्या खोलीत बिस्किट-गोळ्यांचं दुकान टाकलं आहे. कुणी चार पोरांचे डबे करून देते. या बाईला विचारा, "ताई, तुम्ही काय करता?" ती म्हणते, "काही नाही, घरीच असते." नवऱ्याला विचारा, तोही हेच सांगतो. सकाळी पाचपासून रात्री अकरापर्यंत हात थांबत नाहीत आणि उत्तर काय, तर काही नाही! या 'काही नाही'बद्दल मला आज बोलायचे आहे.

सुरुवात साताऱ्यापासून करतो. आपल्याला ७ नोव्हेंबर हा दिवस माहीत आहे. १९०० साली याच दिवशी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव दाखल झाले. महाराष्ट्र शासनाने तो विद्यार्थी दिवस म्हणून पाळायचे ठरवले. आपण वह्या-पेन वाटतो, फेरी काढतो. चांगली गोष्ट आहे. पण त्या वेळी त्या घरात कोण होते, याचा विचार आपण करतो का?

आई भीमाबाई १८९६ साली साताऱ्यातच वारल्या होत्या. सुभेदार रामजी नोकरीसाठी खटाव तालुक्यात गोरेगावला रोखपाल होते. तिथे तलावाचे काम चालले होते. घरी होती आत्या, मीराबाई. तिच्या शरीराची ठेवण अशी की तिला आधाराशिवाय हालचाल करणे अवघड होते. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत स्वतः लिहून ठेवले आहे की स्वयंपाक हा त्यांच्यापुढे मोठा प्रश्न होता. आत्याच्याने तो होत नसे. मोठ्या बहिणी सासरी गेलेल्या. मग शाळेत जाणारी पोरंच रांधायची. त्यांना भाकरी-पोळी जमत नसे, म्हणून तांदूळ आणि मटण एकत्र शिजवून पुलाव करायचा आणि तोच खायचा.

बंधूंनो, पुढे ज्या हाताने घटनेचा मसुदा लिहिला, त्या हाताने लहानपणी साताऱ्यात भांडे चुलीवर ठेवलेले आहे. यातून दोन गोष्टी मला दिसतात. एक म्हणजे आईचे काम ती असताना दिसत नाही, ती गेल्यावर दिसते. चूल पेटत नाही, तेव्हा कळते की ती रोज आपोआप पेटत नव्हती, कुणीतरी पेटवत होते. दुसरी गोष्ट म्हणजे रांधण्याने पोरगा लहान होत नाही. भिवाचे काय बिघडले? ज्या घरात आज मुलगा ताट उचलून मोरीत ठेवत नाही आणि बाबांचा फोटो मात्र हॉलमध्ये मोठा आहे, त्या घराने ही साताऱ्याची गोष्ट पोराला सांगावी.

आता साताऱ्याच्या जिल्ह्यातच फलटणला या. आपल्या कितीजणांनी बेबीताई कांबळे हे नाव ऐकले आहे? हात वर करा. ठीक आहे, थोडे आहेत, म्हणूनच सांगतो. बेबीताईंचा जन्म १९२९ चा, पुरंदर तालुक्यातल्या वीरगावचा. चौथीपर्यंत शाळा, आणि तेराव्या वर्षी लग्न. फलटणला संसार. हाताला काम नव्हते. कामाच्या शोधात नवरा-बायको मुंबईलाही जाऊन आले, पण तिथे बस्तान बसले नाही. मग बेबीताईंनीच सुचवले की आपण द्राक्षे विकू. पाटीत घडापासून सुटलेली मोकळी द्राक्षे स्वस्त मिळत. ती आणायची आणि विकायची. त्यातून दोन पैसे सुटले. मग भाजीपाला आला, मग किराणा आला. घरातच दुकान झाले. गिऱ्हाईक आपल्याच वस्तीतले.

या बाईला दहा मुले झाली, त्यातली तीन तान्हेपणी गेली. म्हणजे एका हाती तराजू, दुसऱ्या हाती पाळण्याची दोरी. आज ज्याला आपण घरबसल्या धंदा म्हणतो, तो या माऊलीने कितीतरी दशकांपूर्वी केला. पण तिने अजून एक काम केले, आणि म्हणूनच मी तिचे नाव आज घेतो आहे. पुड्या बांधायला रद्दी पेपर येत. गिऱ्हाईक नसले की बेबीताई त्या रद्दीतले वाचायच्या. वाचता वाचता वाचनालयाची पुस्तके आली आणि मग दुकानात बसल्या बसल्या त्या लिहू लागल्या. काय लिहिले? आपल्या समाजाच्या बायकांचे जिणे लिहिले. भूक, बाळंतपणे, सासुरवास, अंधश्रद्धा आणि बाबासाहेबांच्या शब्दाने उठलेली माणसे.

आणि हे लिहिलेले कागद त्यांनी जवळजवळ वीस वर्षे घरात लपवून ठेवले. कुणाची नजर जाणार नाही अशा कोपऱ्यात. नवऱ्याला दाखवले नाहीत, मुलाला दाखवले नाहीत. का? बाई लिहिते म्हटल्यावर घरात काय होईल याची धास्ती. आपणही मार सोसला आहे हे त्यांनी पुढे मुलाखतीत लपवले नाही. पुढे फलटणमध्ये शिक्षणाचे काम करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन या विदुषींच्या प्रोत्साहनाने ते लिखाण बाहेर आले. आधी 'स्त्री' मासिकात आणि मग १९८६ मध्ये पुस्तक झाले, त्याचे नाव 'जिणं आमुचं'. २००८ मध्ये माया पंडित यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि आज देशोदेशीच्या विद्यापीठांत ते पुस्तक अभ्यासले जाते. बेबीताईंनी फलटणजवळ अनाथ मुलांसाठी आश्रमशाळाही काढली. २१ एप्रिल २०१२ रोजी त्यांचे निधन झाले.

मला या गोष्टीत सर्वांत जास्त काय लागते सांगू? दुकान उघडे होते, वही लपवलेली होती. बाईने पैसे मिळवलेले घराला चालले. बाईने स्वतःसाठी काढलेला वेळ घराला चालला नसता. आणि हे फलटणपुरते नाही, हे आपल्या घराघरातले आहे. मशीनवर बसलेली बाई कुणाला खुपत नाही. तीच बाई पुस्तक घेऊन बसली की लगेच हाक येते, "अगं, चहा ठेव की!"

आता माझ्या घरचे थोडे सांगतो. मी सूतगिरणीत रिंग खात्यात कामाला. तीन पाळ्या. गिरणीचे नाव घेत नाही, त्याची गरज नाही. मधे एक वेळ अशी आली की ले-ऑफ लागला. आज सुरू होईल, उद्या सुरू होईल, असे करत चौदा महिने गेले. त्या चौदा महिन्यांत आमचे घर कशावर चालले? पोरांच्या आईच्या मशीनवर. परकर, गाऊन, पिशव्या, शाळेचे गणवेश, पिको-फॉल, जे येईल ते. मी तिच्याकडून काज-बटण करायला शिकलो. गिरणीतल्या दोस्तांनी थोडी चेष्टा केली. म्हणलं, करा. सुताच्या धाग्यावर पोट भरलं तर चालतं आणि शिलाईच्या धाग्यावर भरलं तर लाज कसली?

त्याच सुमारास धाकटीच्या शाळेत फॉर्म भरायचा होता. त्यात रकाना होता, आईचा व्यवसाय. पोरीने लिहिले, शिवणकाम. खिडकीतला माणूस म्हणाला, "आई घरीच असते ना? मग गृहिणी लिही." पोरगी म्हणाली, "घरीच असते, पण आमच्या घरात सध्या तीच कामाला आहे." मला त्या उत्तराचा अभिमान वाटतो. सातवीतल्या पोरीला जे कळलं ते आपल्या मोठ्या मोठ्या कागदांना कळायला फार वर्षं लागली.

काल रात्री मी तिला म्हणालो, "उद्या मला विहारात बोलायचं आहे. तुझ्यासारख्या बायकांवर बोलणार आहे. तुझं काय म्हणणं आहे ते सांग, तेच सांगतो." ती कापड बेतत होती. म्हणाली, "अहो, मी काय सांगू? तुम्हीच भाषणवाले." थोड्या वेळाने आपणहून बोलायला लागली. ती जे बोलली ते जसे आठवते तसे सांगतो.

ती म्हणाली, "मी घरी असते, म्हणून सगळ्यांना वाटतं मी मोकळी असते. गॅसवाला येतो तो माझ्याकडं, शेजारणीचं पोर राहतं ते माझ्याकडं, पाहुणे येतात ते कुठल्याही वेळेला. तुम्ही गिरणीत गेलात की तुम्हाला कुणी हाक मारत नाही. मला मशीनवरून दिवसातनं वीसदा उठावं लागतं. काम जड जात नाही, ते उठणं जड जातं.

"आता चांगलंही सांगते. घरी होते म्हणून पोरांचे पाढे मी मशीनवर बसून ऐकले. थोरल्याला ताप असायचा तेव्हा त्याला शेजारी निजवून शिलाई केली. हे सुख कारखान्यात जाणारीला मिळत नाही. म्हणून मला कुणी म्हणलं की बाहेर काम बघ, तर मी लगेच हो म्हणणार नाही. काम घरातलंच राहू दे, पण ते काम आहे एवढं तरी म्हणा.

"आणि तिसरं म्हणजे पैसा. तुमचा पगार एकदम येतो, म्हणून तो दिसतो. माझा पैसा वीस-तीस रुपयांनी येतो आणि तसाच जातो. दूध, वही, रिक्षा, गोळ्या. वर्षाच्या शेवटी माझ्या हातात काही नसतं. मग मलाच वाटतं, मी काही केलंच नाही."

मंडळी, मी पस्तीस वर्षं कामगारांच्या सभा ऐकतो आहे, बोलतोही आहे. पण कामाचा तास, कामाची जागा आणि कामाचा दाम हे तिन्ही प्रश्न इतक्या थोडक्यात मांडलेले मी ऐकले नव्हते. तेव्हा हे तिन्ही प्रश्न एकेक करून घेऊ.

आधी तास. गिरणीला भोंगा असतो. भोंगा वाजला की पाळी सुटली. घराला भोंगा नसतो. सरकारने देशभर पाहणी केली, माणसे चोवीस तास कशात घालवतात याची. २०२४ च्या त्या पाहणीत आढळले की घरचे बिनपगारी काम करणाऱ्या बाईचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो. म्हणजे पावणेपाच तासांच्या वर. आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची मिनिटे किती? ८८. त्याआधी २०१९ च्या पाहणीत बाईची २९९ आणि पुरुषाची ९७ होती. म्हणजे बाईची मिनिटे दहाने कमी झाली, तशी पुरुषाचीही नऊने कमी झाली. गॅस आला, मिक्सर आला, त्याने थोडे हलके झाले असेल. पण नवऱ्याने भार उचलला म्हणून हलके झाले, असे काही दिसत नाही. आता या पावणेपाच तासांवर मशीनचे, पापडाचे, कांड्यांचे तास ठेवा. ही दुसरी पाळी झाली. एका माणसाने रोज दोन पाळ्या करायच्या, आणि तेही वर्षाचे ३६५ दिवस!

आता दाम. उदाहरणादाखल हिशेब करू. बायांनो, तुम्ही मनातल्या मनात तुमचा आकडा घाला. समजा व्यापारी कापलेल्या परकरांचा गठ्ठा देतो आणि डझनाला ७२ रुपये शिलाई देतो. बाईने दिवसात दोन डझन काढले. झाले १४४ रुपये. त्यातून दोऱ्याचे १४ गेले. वीज, सुई, मशीनचे तेल मिळून ६ गेले. गठ्ठा आणायचा आणि पोचवायचा, त्याचे भाडे रोजच्या वाटणीला १२ आले. म्हणजे ३२ गेले, राहिले ११२. मशीनवर बसलेले तास आठ. तासाला पडले १४ रुपये. यात जागेचे भाडे धरले नाही, मशीनची झीज धरली नाही, शाळेतून आल्यावर दोरे कापणाऱ्या पोरीचे हात धरले नाहीत. व्यापाऱ्याला कारखाना बांधावा लागला नाही, वीजबिल नाही, प्रॉव्हिडंट फंड नाही. त्याचा कारखाना आपल्या स्वयंपाकघरात चालतो आणि त्याचे भाडे आपण भरतो. नगावर दर ठरला की माणूस तास मोजायचे विसरतो. ही या पद्धतीतली खरी मेख आहे.

मग याला कायद्यात काही उपाय आहे का? आहे, आणि त्याची मुळे बाबासाहेबांच्या कामात आहेत. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांना बाळंतपणाची पगारी रजा मिळावी या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. पुढे व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४६ साली त्यांनी किमान वेतनाचे विधेयक मांडले. १९४८ साली त्याचा कायदा झाला. त्या कायद्यात कामगार कुणाला म्हणायचे हे सांगताना, माल घरी नेऊन तयार करून देणाऱ्यालाही धरले होते. लक्षात घ्या, घरी काम करणारी बाई कामगार आहे ही गोष्ट कायद्याच्या पुस्तकात १९४८ पासून होती. फक्त ती आपल्या घरापर्यंत आली नाही.

जिथे बायांनी ती घरापर्यंत ओढून आणली, तिथे फरक पडला. विडी कामगारांचे बघा. विडी ही घरात बसून वळायची वस्तू. १९६६ च्या विडी-सिगार कायद्याने घरी विड्या वळणारीलाही कामगार मानले. मालक कोर्टात गेले, पण १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. आपल्या शेजारच्या सोलापुरात विडी वळणाऱ्या बायांनी लाल बावट्याखाली वर्षानुवर्षे लढा दिला आणि कुंभारीला दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते घरे मिळाली. कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांचे नाव त्या वसाहतीला आहे. घरात बसून विडी वळणारी आई एकदा कामगार म्हणून मोजली गेली, तेव्हाच तिला स्वतःचे घर मागता आले.

१९९६ मध्ये जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरबसल्या काम करणाऱ्यांसाठी वेगळा करार केला, क्रमांक १७७ चा. कारखान्यातल्या कामगाराइतकीच वागणूक घरच्या कामगाराला द्या, असे त्याचे सार. भारताने त्यावर अजून मान्यतेची मोहोर उठवलेली नाही. इकडे आपले जुने कामगार कायदे जाऊन २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार संहिता लागू झाल्या. त्याबद्दल कामगार संघटनांचे आक्षेप आहेत, माझेही आहेत, तो वेगळा विषय. पण सामाजिक सुरक्षा संहितेत घरबसल्या काम करणाऱ्याची व्याख्या आहे, तेवढा धागा आपल्या हाती आहे. ऑगस्ट २०२१ पासून ई-श्रमची नोंदणीही चालू आहे. सोळा ते एकोणसाठ वयाच्या असंघटित कामगाराला ती करता येते. नोंदणीने उद्या सकाळी पैसे मिळतील असे मी खोटे सांगणार नाही. पण कागदावर जो नाही, त्याला मागताही येत नाही.

घरकामाची किंमत न्यायालयानेही केली आहे. १९८९ साली जमशेदपूरला एका समारंभात आग लागून अनेक बायका-मुले दगावली. त्या खटल्यात २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या सेवेची किंमत महिना ३,००० रुपये धरली. २०१० मध्ये दुसऱ्या एका निकालात, जनगणनेत गृहिणीला भिकारी, कैदी यांच्या रांगेत अनुत्पादक म्हणून बसवल्याबद्दल न्यायालयाने कडक शब्दांत नापसंती दाखवली. पण माऊलींनो, हे सगळे हिशेब कधी झाले? बाई गेल्यावर, नुकसानभरपाई ठरवताना. मला म्हणायचे आहे, हा हिशेब ती जिवंत असताना, ती समोर बसलेली असताना करा.

आता शेवटचा मुद्दा, धम्माचा. काही लोक म्हणतील, विहारात मजुरीचे हिशेब कशाला? मी म्हणतो, भगवंतांनीच केले आहेत. सिगालोवाद सुत्त आपण ऐकतो. राजगृहाजवळ सिगाल नावाचा तरुण सहा दिशांना हात जोडत होता. भगवंतांनी त्याला सांगितले की दिशा म्हणजे माणसे. आईबाप पूर्व दिशा, गुरू दक्षिण, पत्नी पश्चिम, मित्र उत्तर, आपले काम करणारे खालची दिशा आणि श्रमण वरची. पश्चिम दिशेला काय द्यायचे? पत्नीचा मान राखायचा, तिला हिणवायचे नाही, तिच्याशी एकनिष्ठ राहायचे, घरचा कारभार तिच्या हाती द्यायचा, आणि तिला दागदागिने करायचे. पत्नीनेही कामात दक्ष राहावे, मिळवलेले जपावे, असे तिचेही कर्तव्य सांगितले आहे. आणि काम करणाऱ्याला काय द्यायचे? ताकदीप्रमाणे काम, अन्न आणि वेतन, आजारात शुश्रूषा, चांगल्या पदार्थातला वाटा आणि वेळच्या वेळी सुट्टी.

मी अडाणी माणूस, पण मला असे वाटते की घरात राबणारी आई या दोन्ही दिशांना उभी आहे. ती पत्नी आहे आणि ती काम करणारीही आहे. पण आपण तिला पत्नी म्हणून कारभार देत नाही आणि कामगार म्हणून सुट्टी देत नाही. मग रोज सकाळी वंदना म्हणून आपण कोणत्या दिशेला हात जोडतो?

थेरीगाथेत मुत्ता नावाची थेरी आहे. संघात आल्यावर ती आपल्या मुक्तीबद्दल बोलते, तेव्हा उखळ आणि मुसळ यांचाही उल्लेख करते. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या बाईला मुक्त झाल्यावर आधी उखळ-मुसळ आठवले! संसार सोडा असे मी कुणाला सांगत नाही. उखळाचा दांडा दोघांनी धरला तर संसारातही बाईला मोकळा श्वास घेता येईल, एवढेच सांगतो.

आता नुसते भाषण करून मी खाली बसणार नाही. चार गोष्टी समितीपुढे आणि तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली. विहारात एक वही ठेवू. वस्तीतल्या घरी काम करणाऱ्या प्रत्येक बाईचे नाव, काम आणि मिळणारा दर त्यात लिहू. एकच व्यापारी एका गल्लीत ७२ देतो आणि दुसऱ्या गल्लीत ६० देतो, हे एकमेकींना कळलेच पाहिजे. दर कळला की मग एकत्र जाऊन बोलता येते. ई-श्रमची नोंदणी ज्यांची राहिली आहे, त्यांना आपली शिकलेली पोरं रविवारी इथे बसून मदत करतील.

दुसरी. प्रत्येक घरात बाईची स्वतःची हिशेबाची वही आणि तिच्या स्वतःच्या नावाचे खाते. आपल्या सातारा जिल्ह्यात म्हसवडला १९९७ साली ग्रामीण बायकांनी स्वतःची सहकारी बँक काढली, माणदेशी महिला बँक. दुष्काळी माणच्या बायका बँक चालवतात, तर आपल्याला एक खाते चालवता येणार नाही? वीस-वीस रुपये हातातून निसटतात, वहीत लिहिले की दिसतात. वर्षाच्या शेवटी "मी काही केलंच नाही" असे म्हणायची पाळी येणार नाही.

तिसरी. जमेल तिथे एकत्र या. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्याचेच पुढे लिज्जत झाले. पीठ सकाळी न्यायचे, घरी लाटायचे, पापड आणून द्यायचे. काम घरातच राहिले, पण मधला दलाल गेला आणि लाटणारी बाईच मालकीण झाली. घरी काम करणे वाईट नाही. एकटीने, दर न विचारता करणे वाईट.

चौथी गोष्ट पुरुषांसाठी, माझ्यासकट. रोज संध्याकाळी एक तास बाईला मोकळा द्यायचा. त्या तासात चहा मागायचा नाही, डबा कुठाय विचारायचे नाही. भांडी, भाजी, पोरांचा अभ्यास आपण बघायचा. त्या तासात ती झोपो, विहारात येवो, वाचो, लिहो, नुसती दारात बसो. तो तास तिचा. विहाराच्या कपाटातली पुस्तके त्या वेळेला उघडी राहतील, आणि त्यात 'जिणं आमुचं'ची एक प्रत मी आज देणगी म्हणून ठेवतो आहे. आपल्या वस्तीतल्या कुठल्या बेबीताईने वही लिहिली, तर ती तिला वीस वर्षे लपवावी लागू नये, एवढी व्यवस्था आपण करू शकतो.

गिरणीत हजेरी मांडणारा टाईमकीपर असतो. घरात तो कुणी नाही. तेव्हा ही हजेरी आपणच मांडायची आहे. आज घरी गेल्यावर पोरांनी आईला विचारावे, "आई, आज किती काम झालं?" आणि नवऱ्याने उत्तर नीट ऐकून घ्यावे. सुरुवात तिथून होईल.

भगवंत सर्वांचे मंगल करोत असे मी म्हणणार नाही, कारण आपले मंगल आपल्याच हाताने होते हीच त्यांची शिकवण आहे. ते हात कुणाचे आहेत, तेवढे ओळखू या.

नमो बुद्धाय! जयभीम!